तीन फुल्यांच्या खाली

३ तारीख, मंगळवार

डबा उघडून पहिला घास घेतला आणि मॅडम दारात. "सर, डबा झाकून ठेवा. लिफ्टवाल्यांकडे अपघात झालाय."

मॅडम म्हणजे आमच्या जनसंपर्क कंपनीच्या मालकीणबाई. माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला सर म्हणतात, आणि दोघांनाही अजून त्याची सवय झालेली नाही. पेपरनं आठ महिन्यांपूर्वी आमचा अख्खा डेस्क एका सकाळी बंद केला. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासून, कापून, नीट करून पानात लावणारी आम्ही सात माणसं एकदम घरी बसलो. महिनाभरानं या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुमची भाषा बातमीसारखी असते, मला तेच हवंय." मी आपला खूश. त्यात खूश होण्यासारखं काय होतं, हे अजून ठरवतोय.

तर अपघात. एका कचेरीच्या इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून मेकॅनिक काम करत होता, लिफ्ट हलली, गडी दोन मजले खाली गेला. जबडा आणि खुबा मोडलाय. जिवावरचं टळलं, पण बोलता येत नाही. लिफ्ट कंपनीचा व्यवस्थापक फोनवर म्हणाला, "एवढंच लिहा, त्यानं सेफ्टी बेल्ट लावला नव्हता. शंभर टक्के खरं आहे." मी विचारलं, अहवाल आलाय का? तर म्हणे, "येईल की. वीस तारखेला लिफ्ट निरीक्षकांपुढे सुनावणी आहे. त्याची चूक ठरली तर लायसन्स जाईल, आपला विषय संपला." इतक्या सहज म्हणाला की मीही "बरं" म्हणालो. वर त्यानं मेकॅनिकचा कंपनीतला फॉर्म मोबाइलवर पाठवला. वय एक्केचाळीस, नोकरी चौदा वर्षं, तातडीचा संपर्क: पत्नी, पुढे तिचा नंबर.

वीस मिनिटांत प्रेसनोट तयार. अकरा ओळी, एकही शब्द जास्त नाही. मॅडमनी मोबाइलवर वरवर पाहून "मस्त" म्हटलं. मी नेहमीप्रमाणे दोनदा वाचली आणि पाठवून दिली. डबा पाच वाजता खाल्ला, गारढोण.

४ तारीख, बुधवार

काय करून बसलो मी!

सकाळी सवयीनं बातम्यांची पोर्टलं उघडली. कालची प्रेसनोट सोळा ठिकाणी लागलीय. काना-मात्रा न बदलता लागलीय. आणि शेवटच्या ओळीनंतर तीन फुल्या, आणि तीन फुल्यांच्या खाली हे:

"डेस्कसाठी: बेल्टबद्दलचं व्यवस्थापकांनी फोनवर सांगितलं आहे. अहवाल मी पाहिलेला नाही. छापण्याआधी मेकॅनिकच्या पत्नीला विचारा." आणि पुढे त्या बाईंचा फोन नंबर. सोळाच्या सोळा ठिकाणी.

वहीत तरी नीट लिहून ठेवतो, म्हणजे माझं मला कळेल. आमच्या पेपरात पद्धत होती. बातमीत जे पक्कं नाही, ते बातमीदार खाली तीन फुल्या मारून डेस्कला कळवायचा. कोणाला फोन करा, कोणता आकडा कच्चा आहे. डेस्क फोन करायचा, खात्री करायचा, आणि फुल्यांपासून खालचं सगळं खोडून बातमी पुढे सोडायचा. वाचकाला त्या फुल्या कधी दिसल्या नाहीत. पहिल्या वर्षी डेस्कवरून एक छोटी बातमी लिहिताना फुल्या मारायला विसरलो म्हणून मुख्य उपसंपादकांनी माझी कॉपी टेबलाखाली टाकली होती, तेव्हापासून हातात ते बसलंय. हाताची सवय, दुसरं काही नाही. पण प्रेसनोटमध्ये? कसं झालं ते डोक्यात येईना.

धाबं दणाणलेल्या अवस्थेत ऑफिसला गेलो. म्हटलं, आज गाठोडं बांधायचं. मॅडम खुर्चीतून उठून आल्या. "सर! सोळा पोर्टलं! आणि सगळीकडे पूर्ण मजकूर!" मी म्हटलं, मॅडम, तो शेवटचा भाग... "हो ना, शेवटपर्यंत घेतलंय, एक ओळ कापली नाही कुणी," त्या म्हणाल्या आणि भिंतीवरच्या पडद्यावर किती लोकांनी पाहिलं त्याचे आकडे दाखवायला लागल्या. त्यांनी शेवटपर्यंत वाचलेलंच नाही. कुणीच वाचलेलं नाही. सुटलो म्हणून आनंद व्हायला हवा होता. तसा झालाही थोडा. मग कसला तरी रागच आला, पण कुणाचा ते कळेना.

५ तारीख, गुरुवार

घरी सांगितलं. ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे माझी कुठलीही गोष्ट पायरी पायरीनं तपासते. भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे डेस्कसाठी लिहिलंत."

"हो. सवयीनं."

"अहो, पण डेस्क बंद झाला म्हणून तर तुम्ही घरी आलात ना? तुमच्याच पेपरचा नाही, सगळ्यांचेच बंद झालेत, तुम्हीच आठ महिने ऐकवताय मला. मग लिहिलंत कुणासाठी?"

मी म्हटलं, तू प्रत्येक गोष्टीचं गणित नको करूस. ती म्हणाली, बरं नाही करत, आणि मेथी निवडत राहिली. सवय ती सवय, तिला काय कारण असतं? चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधतोच की माणूस.

६ तारीख, शुक्रवार

मथळे बघून चक्रावलो आहे. माझा मथळा होता, 'लिफ्टच्या कामात मेकॅनिक जखमी'. आज एका ठिकाणी आहे, 'निष्काळजीपणा भोवला!' दुसरीकडे, 'फक्त एक चूक आणि चौदा वर्षांची नोकरी धोक्यात, पाहा नेमकं काय घडलं'. निष्काळजीपणा हा शब्द मी लिहिलेलाच नाही. ओळखीच्या एकाला फोन केला, तो एका पोर्टलला आहे. म्हणाला, "मथळे आता मशीन बदलतं रे. प्रेसनोट मेलवर येते, आपोआप आत जाते, आपोआप लागते. दिवसाला चाळीस बातम्या माझ्या नावावर पडतात, मी घरी गेल्यावर वाचतो आज मी काय काय लिहिलं ते." आणि हसला. मीही हसलो. फोन ठेवल्यावर कळलं की ज्या कामासाठी केला होता ते राहूनच गेलं.

पुन्हा केला. म्हटलं, त्या बाईंचा नंबर तेवढा काढ. तो म्हणाला, "असं सुटं काढता येत नाही, सुधारित प्रेसनोट पाठव, जुनीच्या जागी नवी लागेल." आता सुधारित प्रेसनोट पाठवायची तर मॅडमना सांगायला हवं, आणि मॅडमना सांगायचं तर सगळंच सांगायला हवं. बाकीच्या पंधरा ठिकाणी मेल टाकले. नऊ परत आले, सहांचं उत्तर नाही.

लिफ्टवाल्या व्यवस्थापकानं पेनांचा संच पाठवलाय. भारी पेनं आहेत. हे त्यातल्याच एकानं लिहितोय, आणि शाई छान उतरते हे कबूल करायला हवं.

९ तारीख, सोमवार

शनिवार-रविवार डोक्यात एकच. सोळा ठिकाणी नंबर छापलाय, त्या बाईंचं काय झालं असेल? आज जेवणाच्या सुट्टीत आगीच्या जिन्यात उभं राहून फोन लावला. म्हटलं, माफी मागू आणि मोकळे होऊ.

"बोला, कितव्या मजल्यावर अडकलीय?" पलीकडून बाईंचा आवाज.

"काय?"

"लिफ्टसाठीच ना? पत्ता सांगा, लिहून घेते. यांच्या दोस्तांना पाठवते."

गेल्या पाच दिवसांत त्यांना त्रेपन्न फोन आलेत. त्यांनी शिवणकामाच्या वहीत सगळे मांडून ठेवलेत. बातमीखाली नंबर दिसला, लोकांना वाटलं लिफ्ट दुरुस्तीचा असेल. कुणाची मध्येच थांबते, कुणाचं दार लागत नाही. दोघांनी "नवऱ्याला बेल्ट लावायची अक्कल नव्हती का" असंही विचारलं. मी म्हटलं, ताई, यात पत्रकार किती होते? त्या म्हणाल्या, "पत्रकार कशाला फोन करतील? त्यांचं छापून झालं की."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही लिफ्टसाठी नाही ना फोन केलात? मग कोण तुम्ही? पेपरवाले?"

आणि मी माझ्या जुन्या पेपरचं नाव सांगितलं. असं पटकन निघून गेलं तोंडातून की मागे घेता येईना. बाईंचा आवाजच बदलला. "थांबा हं दादा, मशीन बंद करते." मग म्हणाल्या, "विचारा. काय विचारायचंय ते विचारा."

मी माफी मागायला फोन केला होता. पण आता विचारा म्हटल्यावर मी विचारलं. त्यांनी बेल्ट लावला नव्हता का?

"नव्हता. कसा लावणार? बेल्ट कंपनीतच पडलाय. बकल तुटलं म्हणून दोन आठवड्यांपूर्वी यांनी स्टोअरमध्ये जमा केला. बदली मिळालाच नाही. रोज संध्याकाळी म्हणायचे, उद्या देणार आहेत. पावती आहे माझ्याकडे, डब्याच्या पिशवीत होती."

१० तारीख, मंगळवार

पावतीचा फोटो आला. 'सेफ्टी बेल्ट एक नग, बकल तुटलेले, बदलीसाठी जमा.' खाली स्टोअरचा शिक्का, अर्धा उमटलेला, आणि कुणाची तरी सही.

माझं डोकं चालेना ते इथं. माझं वाक्य खरं होतं. त्यानं बेल्ट लावला नव्हता. मी सोळा जणांना फोन करून खात्री केली असती तरी तेच निघालं असतं. वाक्यात खोट काढता येत नाही आणि वाक्य खोटं आहे. बावीस वर्षं या धंद्यात काढून हे मला आत्ता कळतंय, की आधी कळायचं आणि मधल्या आठ महिन्यांत विसरलो?

फोटो घेऊन मॅडमकडे गेलो. फुल्यांचंही सांगून टाकलं. त्यांनी मोबाइलवर बातमी उघडली, बोटानं खाली खाली सरकवत गेल्या, आणि चेहरा उतरला. मला वाटलं आता ओरडणार. पण त्या हळू म्हणाल्या, "सर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? सुट्टी हवीय का?" ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग स्पीकर चालू करून व्यवस्थापकाला फोन लावला. मी समोरच बसलो होतो. तो म्हणाला, "हो, बेल्ट आलाय ना दुरुस्तीला. माहितीय मला. पण दुसरा मागून घ्यायचं त्याचं काम होतं. तेवढं वीस तारखेपर्यंत बाहेर नको." मॅडम म्हणाल्या, ठीक आहे. फोन ठेवून मला म्हणाल्या, "तुम्ही लिहिलेलं वाक्य खरं आहे ना, मग दुरुस्ती कशाची करायची? क्लायंटनं सांगितलेलं आपण पोचवतो. तपासायचं काम पलीकडच्यांचं."

"पलीकडे कुणी नाहीये, मॅडम."

"तो माझा दोष आहे का, सर?"

नाहीये. खरंच नाहीये. बाई मनानं वाईट नाही. माझी कंबर दुखते म्हणून न सांगता वेगळी खुर्ची मागवली होती. नंबर असलेल्या ओळी काढून सुधारित प्रेसनोट त्यांनीच लगेच पाठवायला लावली. सोळापैकी अकरा ठिकाणी ती जुनीच्या जागी न लागता नवी बातमी म्हणून वर लागली. म्हणजे मेकॅनिकनं बेल्ट लावला नव्हता हे आता सत्तावीस ठिकाणी आहे.

१२ तारीख, गुरुवार

चौकशीला फोन केला. चौकशी हे तिचं डेस्कवरचं टोपणनाव. नवीन आली तेव्हा एवढे प्रश्न विचारायची की शिपायानंही तिला विचारलं होतं, बाई, तुम्ही पोलिसात का गेला नाहीत? माझ्याच हाताखाली शिकली. डेस्क गेला, ती बातमीदार म्हणून राहिली. बातमी, फोटो, व्हिडिओ, सगळं एकटीच करते.

सगळं सांगितलं. मनात होतं, पोरगी उडी मारेल. तिनं उलट मलाच विचारलं.

"सर, हे तुम्ही सांगताय की कंपनी?"

"मी सांगतोय."

"पण तुम्ही त्यांचे आहात ना आता? गेल्या सात महिन्यांत तुमचे मला सव्वीस फोन आलेत सर, प्रत्येक वेळी कुणाची तरी चांगली बातमी. हे कशासाठी आहे, मला कसं कळणार? व्यवस्थापकाला काढायचंय का त्यांना? दुसऱ्या लिफ्ट कंपनीचं काम घेतलंय का तुम्ही?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, अगं, मी तुला शिकवलंय. ती म्हणाली, "म्हणून तर विचारतेय."

शेवटी म्हणाली, बाईंना भेटते, पावती बघते, कंपनीला लेखी विचारते. आणि म्हणाली, "शिक्का अर्धाच आहे. ते म्हणतील आमचा नाहीच. मग ज्यानं कानानं ऐकलंय तो माणूस लागेल. नावानिशी. सूत्रांकडून कळतं वगैरे नाही चालणार, कुणाची रोजीरोटी जात असेल तिथं सूत्र चालत नाही."

हा नियम मीच तिला घालून दिलेला. फोन ठेवल्यावर हिला म्हटलं, काय आगाऊ झालीय ती पोरगी. ही म्हणाली, "कुणाच्या हाताखाली शिकली म्हणायची?"

१३ तारीख, शुक्रवार

काही लिहिण्यासारखं नाही. पेनांचा संच ऑफिसात नेऊन ठेवला. संध्याकाळी परत घरी आणला.

१६ तारीख, सोमवार

चौकशीचे प्रश्न आले. कंपनीला आले, कंपनीनं मॅडमकडे पाठवले, मॅडमनी माझ्याकडे. चार प्रश्न, नेटके, क्रमानं. तिसरा पावतीबद्दल. वाचताना वाटलं, शाब्बास, आणि लगेच आठवलं की याला उत्तर मीच द्यायचंय.

व्यवस्थापकाचं म्हणणं, 'अशी कोणतीही पावती आमच्या नोंदीत नाही' एवढं लिहा. मॅडम म्हणाल्या, "उद्या अकरापर्यंत पाठवू या, सर. तुमच्या भाषेत." जाता जाता थांबल्या. "मला माहितीय तुम्हाला आवडणार नाही. मलाही फार आवडतंय असं नाही. पण आपण दहा माणसं याच्यावर आहोत."

खरंच आहोत. समोरच्या टेबलावरची मुलगी घरी आजारी आई आणि शिकणारा भाऊ सांभाळते. माझं घर बायकोच्या पगारावर ओढूनताणून चालेल, तिचं नाही चालणार. असा विचार केला की वाटतं, मी कोण लागून गेलो? आणि मग त्या बाईंचं "विचारा" आठवतं. कुणीतरी विचारेल म्हणून त्या पाच दिवस थांबल्या होत्या, आणि मी खोटंच पेपरचं नाव सांगून विचारलं.

ही म्हणाली, "तुम्ही कुठल्या बाजूचे आहात ते तरी ठरवा एकदा." मी म्हटलं, तेच तर कळत नाहीये. पेपरात होतो तेव्हा बाजू नसणं हेच काम होतं. इथं बाजू घेणं हे काम आहे. मी कुठल्याच कामाचा उरलेलो नाही बहुतेक.

"मग कामाचं सोडा," ही म्हणाली. "तुम्ही ते ऐकलंत की नाही ऐकलंत?"

१७ तारीख, मंगळवार

सकाळी दहाला उत्तर लिहिलं. चारही प्रश्नांना, नेटकं, क्रमानं. तिसऱ्याला लिहिलं, 'अशी कोणतीही पावती आमच्या नोंदीत नाही.' मॅडमनी मोबाइलवर पाहून "मस्त" म्हटलं.

मी नेहमीप्रमाणे दोनदा वाचलं आणि पाठवून दिलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी चौकशीचा फोन. आवाज एकदम कोरडा, जणू ओळखच नाही.

"आपल्याकडून आलेल्या उत्तराखाली तीन फुल्या आहेत. त्याखाली लिहिलंय, 'डेस्कसाठी: तिसरं उत्तर खोटं आहे. बेल्ट स्टोअरमध्ये जमा आहे आणि हे आपल्याला माहीत असल्याचं व्यवस्थापकांनी दहा तारखेला माझ्यासमोर सांगितलं.' आणि आपला नंबर आहे. हे आपणच लिहिलंय का?"

मी म्हटलं, हो. आजूबाजूला सगळे कामात होते. समोरची मुलगी कानाला हेडफोन लावून टाइप करत होती.

"चुकून राहिलंय का?"

या प्रश्नाला मी किती वेळ घेतला ते मला सांगता येणार नाही. तिनं घाई केली नाही. हेही मीच शिकवलेलं, प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं.

"नाही," म्हटलं.

"पूर्ण नाव सांगा. वडिलांच्या नावासकट."

बावीस वर्षांत माझं नाव एकदाही छापून आलेलं नाही. डेस्कच्या माणसाचं येत नाही. मी नाव सांगितलं. तिला माहीत होतं, तरी तिनं ते मला परत वाचून दाखवलं.

"हुद्दा काय लिहू?"

इथं मी अडकलो. काय सांगू? पत्रकार म्हणावं तर नाही. कंपनीचा प्रतिनिधी म्हणावं तर आता तोही नसणार. म्हटलं, "ती जागा मोकळी ठेव. डेस्क बघेल."

"सर, डेस्क नाहीये," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा हलला.

"मग तूच बघ."

१८ तारीख, बुधवार

बातमी आली. पावतीचा फोटो, कंपनीचा नकार, मेकॅनिकच्या पत्नीचं म्हणणं, आणि मी. हुद्द्याच्या जागी तिनं लिहिलंय, 'बेल्टविषयीचा मूळ मजकूर ज्यांनी लिहिला ते'. अगदी बरोबर लिहिलंय. कुणी चांगलं म्हटलंय की शिवी दिलीय, सकाळपासून ठरवतोय.

मॅडम रागावल्या नाहीत. रडल्या. म्हणाल्या, "मला सांगायचं ना सर, मी तुम्हाला या कामावरून काढलं असतं, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं." लिफ्टवाल्यांचं काम गेलं, बाकीचे क्लायंट विचारतायत. मी टेबल आवरलं. समोरची मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्यापुढे जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं, पण काय ते सुचलं नाही. पेनांचा संच घरून नेला होता, तो ड्रॉवरमध्ये ठेवून आलो.

ती बातमी किती पोर्टलांनी उचलली म्हणून संध्याकाळी पाहिलं. दोन. सत्तावीस आणि दोन.

२० तारीख, शुक्रवार

सुनावणी झाली. चौकशीनं कळवलं. निरीक्षकांनी मूळ पावती मागून घेतली आणि स्टोअरचं रजिस्टर जप्त केलं. रजिस्टरात नोंद आहे. मेकॅनिकच्या लायसन्सला हात लावलेला नाही, नोटीस कंपनीला गेलीय. निरीक्षकांच्या हातात छापलेल्या बातम्यांचा गठ्ठा होता म्हणे. वरची चौकशीची होती, खालच्या सगळ्या माझ्या.

ही म्हणाली, झालं ना मनासारखं? मी म्हटलं, हो. मग मला झोप का लागत नाहीये, ते विचारायला तिच्याकडे गेलो तर ती घोरत होती.

२३ तारीख, सोमवार

सकाळी त्या बाईंचा फोन. माझं धाडस होत नव्हतं त्यांना फोन करायचं. बातमी वाचलीच असणार.

"दादा, तुम्ही पेपरचे नव्हतातच."

"नव्हतो."

"ते बेल्टचं पहिल्यांदा तुम्हीच लिहिलं होतंत. आमचा नंबरही तुम्हीच टाकलात."

"हो ताई."

"मग मला फोन कशाला केलात?"

मी खूप प्रयत्न केला. माफी मागायला, असं म्हणणार होतो, पण माफी तर मी मागितलीच नव्हती. खरं करायला, असं म्हणावं तर त्या वेळी मला काही माहीतच नव्हतं. शेवटी म्हटलं, "ताई, मलाच नीट कळलेलं नाही." तिकडे शिवणयंत्र थांबलेलं होतं. मला वाटलं, आता ठेवतील.

त्या म्हणाल्या, "यांच्या जबड्याची तार काल सैल केली. आज पहिल्यांदा बोलले. तीन आठवड्यांनी."

"काय म्हणाले?"

"आधी मला जवळ बोलावलं. मला वाटलं दुखतंय. तर म्हणाले, माझ्या जागी कामावर कोण जातंय? मी म्हटलं, तुमचा जोडीदार जातोय. तर विचारतात, त्याला बेल्ट दिला का?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही दादा. तुम्हाला माहितीय का?"

मला माहीत नव्हतं. कुणीच विचारलेलं नव्हतं, मीही नाही, चौकशीनंही नाही.

"विचारून सांगतो," मी म्हटलं. जोडीदाराचा नंबर लिहून घेतला. आता त्याला फोन लावणार आहे, आणि कोण बोलतंय असं त्यानं विचारलं तर नाव सांगणार आहे.